विश्लेषण : विषारी वायू स्वतःवर आजमावणारे जॉन हॉल्डेन कोण होते? त्याच वायूंकडे आता फुप्फुसांचे औषध म्हणून का पाहिले जाते?

बाथरूममधल्या गॅस गिझरमुळे कुणाचा तरी गुदमरून मृत्यू झाला, मॅनहोलमध्ये उतरलेले सफाई कामगार वर आलेच नाहीत, अशा बातम्या दर वर्षी येतात. पहिल्या घटनेत मारणारा वायू असतो कार्बन मोनॉक्साइड, तर दुसऱ्या घटनेत बहुतेकदा हायड्रोजन सल्फाइड. गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइडही याच पंगतीतला. पण हेच तीन वायू आपले शरीर अत्यल्प प्रमाणात स्वतः तयार करते. एका पेशीचा निरोप दुसऱ्या पेशीला पोहोचवण्याचे काम ते करतात. सुजलेल्या, दाह झालेल्या फुप्फुसांना त्यांचा आधार मिळतो का, यावर गेली पंचवीस-तीस वर्षे संशोधन सुरू आहे. या तिन्ही वायूंच्या मागावर सव्वाशे वर्षांपूर्वी एकच माणूस निघाला होता, तोही त्यांना मारेकरी समजून. जॉन स्कॉट हॉल्डेन हे त्याचे नाव.

हॉल्डेन कोण होते?

स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरात मे १८६० मध्ये जन्मलेले हॉल्डेन हे खानदानी, सुखवस्तू घरातले. थोरले बंधू रिचर्ड पुढे ब्रिटनचे युद्धमंत्री आणि नंतर लॉर्ड चॅन्सेलर झाले. धाकटी बहीण एलिझाबेथ लेखिका म्हणून नावारूपाला आली. मामा जॉन बर्डन सँडरसन हे ऑक्सफर्डमधील नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. हॉल्डेन १८८४ मध्ये एडिंबरा विद्यापीठातून डॉक्टर झाले, पण दवाखाना थाटून रुग्ण तपासण्यात त्यांना रस नव्हता. माणूस श्वास घेतो म्हणजे नेमके काय होते, आणि त्या हवेत काय मिसळले की तो मरतो, या दोन प्रश्नांनी त्यांना जे पछाडले ते अखेरपर्यंत.

सुरुवात झाली ती डंडी शहरातल्या गरीब वस्तीत. थॉमस कार्नेली या रसायनशास्त्रज्ञाबरोबर हॉल्डेन मध्यरात्रीनंतर, आगाऊ कळवल्याशिवाय एका खोलीच्या घरांची दारे ठोठावत. आतली माणसे झोपेत असतानाच्या हवेचे नमुने बाटल्यांत भरून घेत. शाळांमधली हवा तपासली, गटारांमधलीही तपासली. निष्कर्ष १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांनी अनेकांना चक्रावून टाकले. जंतूंच्या बाबतीत गटारातली हवा कोंदट घरांपेक्षा आणि शाळेच्या वर्गांपेक्षा बरी निघाली होती.

गटारात उतरलेल्या पाच जणांचे काय झाले?

त्या काळी ‘गटारातला वायू’ हा एक मोघम शब्द होता. टायफॉइडपासून घशाच्या आजारापर्यंत सगळ्याचे खापर त्याच्यावर फुटे. बंद खोलीतही माणसाच्या उच्छ्वासातून कसलेतरी सेंद्रिय विष बाहेर पडते, अशी काही मोठ्या शास्त्रज्ञांचीच समजूत होती. मामांच्या विभागात काम करण्यासाठी ऑक्सफर्डला आलेल्या हॉल्डेन यांनी लॉरेन स्मिथ या सहकाऱ्यासह एक हवाबंद पेटी तयार केली आणि ते स्वतः तासन् तास आत बसले. डोके दुखू लागले, धाप लागली, ओठ निळे पडू लागले. गूढ विष मात्र सापडले नाही. कार्बन डायऑक्साइड वाढला होता आणि ऑक्सिजन कमी झाला होता, एवढाच सगळा मामला होता.

मग १८९५ मध्ये लंडनजवळच्या ईस्ट हॅम येथे सांडपाण्याच्या वाहिनीत पाच कामगारांचा मृत्यू झाला. एक जण खाली कोसळला, त्याला काढायला गेलेलेही तिथेच राहिले. आजच्या बातम्यांतही घटनाक्रम बहुधा हाच असतो. हॉल्डेन यांनी तपास करून मोघम ‘गटारातल्या वायू’ऐवजी नाव दिले ते हायड्रोजन सल्फाइडचे. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हा वायू फसवा असतो. प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची ताकदच मारून टाकतो. वास गेला म्हणजे धोका टळला, असे वाटून माणूस पुढे जातो.

कार्बन मोनॉक्साइड त्यांनी स्वतःच्याच छातीत का भरला?

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते, पण या वायूशी त्याची गाठ ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बसते. त्यामुळे हवेत अगदी थोडा वायू असला तरी हळूहळू तो हिमोग्लोबिनमधल्या जागा अडवत जातो. ढोबळ माहिती तेव्हाही होती. किती प्रमाणात, किती वेळात, कोणती लक्षणे, हे मात्र कुणी माणसावर मोजले नव्हते.

हॉल्डेन यांनी प्रयोगासाठी माणूस निवडला तो स्वतःलाच. मोजलेल्या प्रमाणात वायू मिसळलेली हवा नळीतून घ्यायची, ठरावीक वेळाने बोटाला टोचून रक्ताचा थेंब काढायचा, तो पाण्यात पातळ करून त्याचा गुलाबी रंग कार्माइन नावाच्या रंगाच्या द्रावणाशी ताडून पाहायचा. या साध्या पद्धतीने हिमोग्लोबिनचा किती हिस्सा वायूने बळकावला हे टक्क्यांत कळू लागले. एका प्रयोगात ते तासाभराहून अधिक वेळ वायू घेत राहिले. रक्तातली टक्केवारी ५६ वर गेली, पायांवर उभे राहणे मुश्कील झाले, दृष्टी अंधुक झाली, तेव्हा कुठे ते थांबले. शेजारी उंदीर असे. उंदीर आधी कोसळायचा, कारण लहान जीव भराभर श्वास घेतो आणि त्याचे रक्त माणसाच्या कितीतरी आधी वायूने भरते.

हे सगळे १८९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्यांनी आणखी एक प्रयोग करून दाखवला. उंदराला दोन वातावरणांच्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठेवले. आता हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने जवळपास पूर्ण व्यापले तरी उंदीर जिवंत राहिला, कारण दाबामुळे रक्ताच्या पाण्यातच पुरेसा ऑक्सिजन विरघळला होता. कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झालेल्या काही रुग्णांना आज दाबयुक्त ऑक्सिजनच्या कक्षात ठेवतात, त्यामागचे तत्त्व हेच.

खाणीत कॅनरी कुणामुळे आली?

वेल्समधील टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत २७ जानेवारी १८९६ रोजी स्फोट झाला. ५७ कामगार दगावले. स्फोटाने माणसे मरतात म्हणजे भाजून किंवा चिरडून मरतात, असाच समज होता. हॉल्डेन खाली उतरले, मृतदेह पाहिले, रक्ताचे नमुने घेतले. बहुतेकांच्या अंगावर जीवघेणी इजा नव्हती. त्वचा मात्र चमत्कारिक गुलाबी दिसत होती. कार्बन मोनॉक्साइडने भरलेल्या रक्ताची ती खूण. म्हणजे स्फोटानंतर ही माणसे जिवंत होती आणि बाहेरची वाट शोधताना, स्फोटानंतर साचलेल्या वायूने त्यांना गाठले होते. हा तपशील क्लेशदायक खरा, पण त्यातच उपाय दडला होता. स्फोट रोखता आला नाही तरी त्यानंतर वाचलेली माणसे वाचवता येणार होती.

बचाव पथकांनी सोबत लहान प्राणी न्यावा, ही त्यांची शिफारस. उंदरापेक्षा कॅनरी पक्षी सोयीचा ठरला, कारण तो दांडीवर डुलू लागला, खाली पडला की अंधारातही लगेच कळते. ब्रिटनच्या खाणींतून कॅनरी हद्दपार झाली ती थेट १९८६ मध्ये, इलेक्ट्रॉनिक यंत्रे आल्यावर.

खाणीतल्या फेऱ्यांचा एक किस्सा हॉल्डेन कुटुंबात सांगितला जाई. एकदा अपघातग्रस्त खाणीतून बाहेर आल्यावर त्यांनी पत्नीला सुखरूप असल्याची तार केली. थोड्या वेळाने पुन्हा तीच तार, मग आणखी एक. आधीची तार केल्याचे त्यांना आठवतच नव्हते, इतका वायू डोक्यात गेला होता.

या प्रयोगांत मुलगाही ओढला जाई. जॅक, म्हणजे पुढे अनुवंशशास्त्रज्ञ म्हणून गाजलेले जे. बी. एस. हॉल्डेन. लहानपणी वडिलांनी त्याला खाणीत नेऊन, छताजवळ मिथेन साचलेल्या जागी उभे करून शेक्सपिअरच्या नाटकातले एक भाषण म्हणायला लावले. काही ओळींतच पोरगा खाली पडला. जमिनीलगतची हवा चांगली असल्याने तो शुद्धीवर आला आणि मिथेन हलका असतो हे आयुष्यभर विसरला नाही. तेराव्या वर्षी त्याला पाणबुड्याचा पोशाख चढवून समुद्रात उतरवण्यात आले. पोशाख मोठ्या माणसाच्या मापाचा होता, पाणी आत शिरले. आजच्या कोणत्याही आचारसंहितेत हे बसणार नाही, आणि बसूही नये. पाणबुड्यांना टप्प्याटप्प्याने वर आणायचे वेळापत्रक मात्र याच काळातल्या कामातून, शेळ्यांवरच्या प्रयोगांतून १९०८ मध्ये जगाला मिळाले.

खारवलेल्या मांसाच्या रंगाचा इथे काय संबंध?

हॉल्डेन यांच्या कामगिरीच्या यादीत हे काम सहसा शेवटी टाकले जाते. मांस शिजवले की तपकिरी होते, पण सोऱ्याने खारवलेले मांस शिजवल्यावरही लालच राहते. असे का, हे त्यांनी १९०१ मध्ये शोधले. सोऱ्यातील नायट्रेटपासून पुढे नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि तो मांसातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो. कार्बन मोनॉक्साइड जिथे जाऊन बसतो, त्याच लोहाच्या अणूवर हाही बसतो. विषय स्वयंपाकघरातला असल्यामुळे त्याकडे फारसे कुणी गांभीर्याने पाहिले नाही. पण वायू आणि रक्तातले लोह यांची ही जवळीकच पुढे ८०-९० वर्षांनी औषधशास्त्राच्या केंद्रस्थानी येणार होती.

पहिल्या महायुद्धात काय घडले?

बेल्जियममधील ईप्र येथे २२ एप्रिल १९१५ रोजी जर्मन सैन्याने क्लोरीन सोडला. काही दिवसांत युद्धमंत्री लॉर्ड किचनेर यांच्या सांगण्यावरून हॉल्डेन फ्रान्समध्ये पोहोचले. सैनिकांची अवस्था त्यांनी पाहिली, शवविच्छेदनात फुप्फुसे पाहिली. क्लोरीन श्वासनलिका जाळतो, फुप्फुसांच्या नाजूक पडद्याला इजा करतो, त्यातून रक्तातले पाणी हवेच्या पिशव्यांमध्ये झिरपते. कोरड्या जमिनीवर पडलेला माणूस स्वतःच्याच फुप्फुसातल्या पाण्यात बुडून मरतो. यालाच आज डॉक्टर तीव्र फुप्फुसदाह म्हणतील. कारण जंतू असो, विषारी वायू असो की करोना, शेवटची पायरी बरीचशी सारखी असते.

ऑक्सफर्डच्या घरात, ‘चेरवेल’ नावाच्या त्या प्रशस्त वास्तूत, त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा उभारली होती. तिथे आणि फ्रान्समध्ये मुखवट्यांच्या चाचण्या सुरू झाल्या. काचेची खिडकी असलेल्या बंद खोलीत क्लोरीन सोडायचा, मुखवटा लावून आणि न लावता आत जायचे, अंगमेहनत करायची, किती वेळ तग धरता येतो ते पाहायचे. पंचावन्न वर्षांचे हॉल्डेन आत, आणि खंदकातून बोलावून घेतलेला जॅकही आत. दोघांचीही फुप्फुसे पोळली. जॅक धाप लागत असतानाच आघाडीवर परतला आणि काही दिवसांतच जखमी झाला. याच मे महिन्यात लंडनमध्ये थोरले बंधू रिचर्ड यांच्यावर जर्मनधार्जिणेपणाचा आरोप ठेवून त्यांना मंत्रिपदावरून दूर करण्यात आले. एक भाऊ जर्मन वायू छातीत घेत होता आणि दुसरा जर्मनांचा मित्र ठरत होता.

मुखवटा वायू आत जाण्याआधी उपयोगी पडतो. नंतर काय? त्या काळी रुग्णालयांत ऑक्सिजन देण्याची पद्धत म्हणजे तोंडाजवळ फनेल धरायचे आणि सिलिंडर सोडायचा. बहुतेक ऑक्सिजन खोलीत उडून जाई. हॉल्डेन यांनी घट्ट बसणारा मुखवटा, साठवणाची पिशवी आणि प्रवाह मोजता येईल अशी झडप असलेले उपकरण तयार केले आणि १९१७ मध्ये ऑक्सिजन कसा, किती व किती काळ द्यावा याचे विवेचन प्रसिद्ध केले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत घराघरांत पोहोचलेला ‘मिनिटाला इतके लिटर’ हा हिशेब त्याच विचारातला.

मात्र ऑक्सिजनही बिनधोक नाही, हे त्यांना ठाऊक होते. हवाबंद पेटीत सोबत बसलेल्या लॉरेन स्मिथ यांनीच १८९९ मध्ये दाखवून दिले होते की जास्त दाबाचा ऑक्सिजन दीर्घकाळ दिला, की प्राण्यांच्या फुप्फुसांचा दाह होतो.

विषारी वायू शरीरातच तयार होतात, हे कधी कळले?

हॉल्डेन गेल्यानंतर. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड बाहेरूनच येतो, अशी समजूत होती. स्वीडनचे टॉर्ग्नी श्योस्ट्रांड यांनी १९५० च्या सुमारास दाखवले की तो शरीरातही बनतो. जुन्या तांबड्या पेशी मोडताना हिमोग्लोबिनमधला ‘हीम’ हा लोहयुक्त भाग फुटतो आणि त्यातून थोडा कार्बन मोनॉक्साइड सुटतो. हे करणारे हीम ऑक्सिजिनेज नावाचे विकर १९६८ मध्ये ओळखले गेले. मुका मार लागल्यावर काळानिळा डाग काही दिवसांत हिरवट आणि मग पिवळा होतो, तेव्हा त्वचेखाली हेच विकर काम करत असते. म्हणजे त्या डागातही थोडा कार्बन मोनॉक्साइड तयार होत असतो. कधीही सिगारेट न ओढलेल्या माणसाच्या रक्तातही हिमोग्लोबिनचा साधारण १ टक्का त्याने व्यापलेला असतो.

नायट्रिक ऑक्साइडची कथा अधिक गाजली. रक्तवाहिनीचे अस्तर एक अज्ञात पदार्थ सोडते आणि त्यामुळे वाहिनी सैल पडते, हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवले. तो पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड वायूच आहे, हे १९८७ मध्ये स्पष्ट झाले. फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांना १९९८ मध्ये नोबेल मिळाले. हा वायू पेशीतल्या एका विकराच्या हीममधील लोहाला जाऊन चिकटतो, आणि हाच त्याचा निरोप. खारवलेल्या मांसातलीच ही जवळीक, फक्त जिवंत पेशीत. हायड्रोजन सल्फाइडही मेंदूत संदेशवाहकाचे काम करत असावा, हे जपानमधील संशोधकांनी १९९६ मध्ये मांडले. ईस्ट हॅमच्या मारेकऱ्यालाही शरीरात नोकरी होती.

फुप्फुसाचा दाह हे वायू कसा रोखतात?

दाह म्हणजे मुळात शरीराचा बचाव. जंतू दिसला की मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी धोक्याची घंटा वाजवतात, टीएनएफसारखी रसायने सोडतात, रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि आणखी पेशी धावून येतात. घंटा वेळेवर थांबली तर ठीक. नाही थांबली तर हवेच्या पिशव्या पाण्याने आणि पेशींच्या कचऱ्याने भरतात आणि ऑक्सिजन रक्तापर्यंत पोहोचत नाही. एआरडीएस म्हणतात तो हाच प्रकार.

ही घंटा थांबवणाऱ्यांमध्ये हीम ऑक्सिजिनेज असतो. पेशीवर ताण आला की त्याचे प्रमाण वाढते. मग त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइडच संरक्षण देतो का? अमेरिकेतील लिओ ऑटरबाइन, ऑगस्टीन चोई आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये उंदरांना जवळपास शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठेवले. लॉरेन स्मिथ यांच्या प्रयोगानंतर बरोबर शंभर वर्षांनी. ज्यांच्या हवेत दहा लाख भागांमागे २५० भाग कार्बन मोनॉक्साइड मिसळला होता, त्या उंदरांच्या फुप्फुसांना कमी इजा झाली आणि ते अधिक काळ जगले. पुढच्याच वर्षी याच गटाने दाखवले की जिवाणूंच्या विषाने चवताळलेल्या मॅक्रोफेज पेशींना हा वायू दिला की टीएनएफ कमी होते आणि दाह शमवणारे इंटरल्युकिन-१० वाढते. सगळ्याच प्रयोगशाळांना मात्र असा परिणाम दिसला नाही. उंदरांवरच्या एका फेरतपासणीत ऑक्सिजनच्या इजेपासून काहीच संरक्षण आढळले नाही.

नायट्रिक ऑक्साइडचा मार्ग वेगळा आहे. श्वासातून दिला की तो फुप्फुसाच्या ज्या भागात हवा पोहोचते तिथेच जातो आणि तिथल्याच रक्तवाहिन्या सैल करतो. रक्तात शिरताच हिमोग्लोबिन त्याची विल्हेवाट लावते, त्यामुळे बाकीच्या शरीराचा रक्तदाब पडत नाही. हायड्रोजन सल्फाइडबाबत प्राण्यांवरील निष्कर्ष उलटसुलट आहेत. काही प्रयोगांत व्हेंटिलेटरमुळे होणारी फुप्फुसांची इजा कमी झाली, तर काहींत हाच वायू दाह वाढवताना दिसला. मात्रा, वेळ आणि देण्याची पद्धत बदलली की निकाल बदलतो.

मग रुग्णांना हे उपचार मिळतात का?

एकाच बाबतीत ठामपणे होय म्हणता येते. जन्मानंतर ज्या बाळांच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्या नीट उघडत नाहीत, त्यांच्यासाठी श्वासातून द्यायच्या नायट्रिक ऑक्साइडला अमेरिकेच्या औषध नियामकाने १९९९ मध्ये मान्यता दिली. नेहमीची मात्रा दहा लाखांमागे २० भाग. मोठ्या माणसांच्या एआरडीएसमध्ये त्याने ऑक्सिजनची पातळी काही काळ सुधारते, पण मृत्यू कमी होत असल्याचे दिसलेले नाही.

कार्बन मोनॉक्साइड अजून चाचण्यांच्या पायरीवर आहे. सेप्सिसमुळे एआरडीएस झालेल्या १२ रुग्णांवर अमेरिकेत केलेल्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. वायू किंवा साधी हवा रोज ९० मिनिटे, जास्तीत जास्त पाच दिवस. वायूचे प्रमाण दहा लाखांमागे १०० किंवा २०० भाग. रक्तातली टक्केवारी पुन्हा पुन्हा तपासायची आणि ती १० च्या वर जाऊ द्यायची नाही, अशी अट. उपचार काटेकोर देखरेखीखाली देता येतो, एवढेच त्यातून दिसले. तो जीव वाचवतो का, हे इतक्या थोड्या रुग्णांवरून सांगता येत नाही. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांची नजर ज्या आकड्यावर असते, तो हॉल्डेन बोट टोचून, कार्माइनच्या रंगाशी ताडून काढत होते तोच. गिझरचा वायू, शेकोटीचा धूर किंवा सिगारेट यांतला कार्बन मोनॉक्साइड असा मोजून येत नाही, हे वेगळे सांगायला नको.

हॉल्डेन चुकले ते कुठे?

खाणीच्या धुळीबाबत. कॉर्नवॉलच्या कथिल खाणींत दगडाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होतात, हे त्यांनी स्वतः तपासले होते. पण कोळशाची धूळ निरुपद्रवी आहे, उलट दगडाची धूळ फुप्फुसातून बाहेर काढायला ती मदतच करते, अशी त्यांची धारणा होती. ती त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. त्यांच्या शब्दाला खाण उद्योगात आणि सरकारदरबारी वजन होते. कोळशाच्या धुळीनेही फुप्फुसांचा गंभीर आजार होतो हे साउथ वेल्सच्या पाहणीतून स्पष्ट झाले आणि भरपाईच्या नियमांत आले ते १९४० च्या दशकात. तोपर्यंत खोकत घरी बसलेल्या कामगारांच्या वाट्याला या थोर माणसाच्या चुकीचाही भाग आला. वायूचा परिणाम तासाभरात दिसतो, स्वतःवर आजमावता येतो. धुळीला वीस वर्षे लागतात, आणि तिथे त्यांची आवडती पद्धत तोकडी पडली.

अखेर कशी झाली?

रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक त्यांना १९३४ मध्ये मिळाले. पंचाहत्तरी गाठल्यावरही ते इराण-इराककडे तेल उद्योगातील कामगारांना होणाऱ्या उष्माघाताचा अभ्यास करायला गेले. परतल्यावर न्यूमोनियाने गाठले आणि मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्डमध्ये, ज्या घरात त्यांनी स्वतःच्या छातीत क्लोरीन भरला होता तिथेच, त्यांचे निधन झाले. कन्या नेओमी मिचिसन लेखिका म्हणून १९९९ पर्यंत जगल्या. मुलगा जॅक १९५७ मध्ये भारतात आला, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाला, भारतीय नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरमध्ये वारला. वडिलांनी त्याच्यावर केलेल्या प्रयोगांची परतफेड म्हणा किंवा वारसा म्हणा, त्याने आपला देह काकीनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देऊन टाकला होता. ‘चेरवेल’ पुढे पाडण्यात आले. त्या जागी आज ऑक्सफर्ड विद्यापीठाचे वुल्फसन कॉलेज उभे आहे.